मॉरिशसचे डोंगर: पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

मॉरिशसहून आलेल्या माणसाला काय पाहिलंत असं विचारलं, की समुद्र येतो, बोट येते, शामारेलची सात रंगांची माती येते. डोंगर क्वचितच येतो. पहिल्या वेळी मीही किनाऱ्याच्या हिशेबानेच गेले होते. पण विमानतळावरून पश्चिमेकडे जाताना उसाच्या शेतांमागे एकामागून एक सुळके उभे राहायला लागले आणि माझं लक्ष समुद्रावरून उडालंच. त्या फेरीत घाईघाईने दोन डोंगर चढले, त्यातला एक अगदी चुकीच्या पद्धतीने. दोन वर्षांनी पुन्हा गेले ते फक्त डोंगरांसाठी. खालचं सगळं त्या दोन फेऱ्यांतून आलेलं आहे.

सगळ्यात आधी एक आकडा: ८२८ मीटर. बेटावरचं सर्वांत उंच शिखर एवढंच आहे. ट्रेकची सवय असलेला माणूस हा आकडा वाचून निर्धास्त होतो, दुपारी जेवून निघतो, बाटलीभर पाणी घेतो. मी हेच केलं होतं. तिथली ओली माती, दमट ऊन आणि झपकन पडणारा अंधार या आकड्यात दिसत नाहीत. हा लेख मुख्यतः त्या आकड्याला फसणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी डोंगर निवडा

सुरुवातीला कोणते आणि कोणत्या क्रमाने चढावेत, हे माझ्या मते असं:

- ल पूस (८१२ मीटर): पहिल्या दिवसासाठी उत्तम. अर्धा दिवस पुरतो, वाट स्पष्ट आहे.
- ल मॉर्न ब्राबां (५५६ मीटर): उंची कमी, पण दुसरा टप्पा हातापायांनी चढायचा. उंचीची भीती असेल तर अर्ध्यापर्यंत जा, तेवढंही सुंदर आहे.
- ब्लॅक रिव्हर पीक (८२८ मीटर): सर्वोच्च शिखर. स्थानिक नाव लांबलचक आहे, पितों द ला पतित रिव्हिएर न्वार. पाटीवर तेच दिसेल, म्हणून लक्षात ठेवा. अंतर जास्त, चिखल जास्त.
- लायन माउंटन (४८० मीटर): आग्नेय किनाऱ्यावर व्ह्यू ग्राँ पोर गावात. वाट पोलीस ठाण्याजवळून सुटते. छोटा पण चांगला खडा आहे. वरून ग्राँ पोरचा तो उपसागर दिसतो जिथे १८१० साली फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली.
- पीटर बोथ (८२० मीटर): माथ्यावर माणसाच्या डोक्यासारखा भला मोठा दगड तोललेला आहे. हा डोंगर पाहायचा. चढायचाच असेल तर दोर, हेल्मेट आणि तिथला अनुभवी मार्गदर्शक घेऊन. इथे हौसेला जागा नाही.

पीटर बोथच्या डोक्याची एक गोष्ट तिथे सांगतात. एका दूधवाल्याने डोंगरावर पऱ्यांना नाचताना पाहिलं. कुणाला सांगायचं नाही या अटीवर त्यांनी त्याला सोडलं, पण त्याच्या पोटात गोष्ट राहिली नाही आणि तो दगड झाला. राजधानी पोर्ट लुईसकडून जाताना ते डोकं एकदा दिसलं की परत परत मान वळते.

सह्याद्रीत फिरलेल्यांना इथला दगड ओळखीचा वाटेल, आणि त्याला कारण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोताने दख्खनचा लाव्हा ओतला, त्याच स्रोताने फार पुढे मॉरिशस घडवलं, आणि आज तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे दगडाचं हे खरंखुरं नातं आहे. पण या नात्यावर विसंबून पाय टाकू नका. इथला कातळ बराचसा झाडीखाली आणि शेवाळाखाली असतो. उन्हात तापलेल्या उघड्या कातळासारखी पकड त्याला नाही.

२. महिना ठरवा

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस. चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च असतो. डोंगरांसाठी ऑक्टोबर सर्वांत कोरडा, त्यामुळे दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात येत असेल तर फार छान. मे महिन्याची सुट्टीही चालते. जून ते ऑगस्ट हवा गार असते, पण मधल्या पठारावर भुरभुर चालूच राहते.

इथे एक गोष्ट नवख्याला कळत नाही. बेट लहान असलं तरी हवा एकसारखी नसते. वारा आग्नेयेकडून येतो, ढग मधल्या उंच भागावर अडतात, आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. समुद्रावर लखलखीत ऊन पडलेलं असताना मधल्या पठारावरच्या क्यूरपिपला स्वेटर घालून लोक छत्री उघडतात. पठारावर तापमान किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असतं. म्हणून हॉटेलच्या खिडकीतून आभाळ पाहून डोंगराचा निर्णय घेऊ नका.

चक्रीवादळाचे इशारे १ ते ४ अशा वर्गांत देतात. १ लागला तरी ट्रेक रद्द करा, ३ लागला की बसही बंद होतात. वादळ नसतानाही पावसाला कमी लेखू नका. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईसमध्ये मुसळधार पावसाने अचानक पूर आला आणि ११ माणसं गेली. शहर डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं आहे, उतारावरचं पाणी खाली यायला वेळ लागत नाही. डोंगरातल्या ओढ्यांचंही तसंच.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर प्रवेश मिळतो.
- परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा. इमिग्रेशनवर विचारतात.
- निघण्यापूर्वी भरायचा ऑनलाइन प्रवास फॉर्म. सरकारी संकेतस्थळावर तो फुकट भरता येतो. त्यासाठी पैसे मागणारं पान दिसलं तर ते बंद करा.
- प्रवासविमा. पॉलिसीत ट्रेकिंग बसतं का आणि डोंगरावरून उचलून आणण्याचा खर्च मिळतो का, हे आधी वाचा. पहिल्या वेळच्या माझ्या पॉलिसीत 'साहसी प्रकार' एका ओळीत वगळलेले होते, आणि ती ओळ मी घरी परतल्यावर वाचली.
- या सगळ्याच्या प्रती फोनमध्ये. डोंगरावर पासपोर्ट नेऊ नका, फोटो पुरतो.

डोंगर चढण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात प्रवेश मोफत आहे. मात्र बेटावरची बरीच डोंगराळ जमीन खासगी मालकीची आहे. 'प्रोप्रिएते प्रिव्हे' अशी फ्रेंच पाटी दिसली तर पुढे जाऊ नका. जून ते सप्टेंबर हा तिथे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. 'शास' म्हणजे शिकार. हा शब्द पाटीवर दिसला की मागे फिरा, कारण आत खरोखर बंदुका असतात.

४. मुक्काम आणि जाणं-येणं

बहुतेक पॅकेजांत मुक्काम उत्तरेला ग्राँ बेला किंवा पूर्वेच्या किनाऱ्यावर असतो. तिथून ल मॉर्न गाठायचं तर पहाटेच निघावं लागतं. डोंगरच करायचे असतील तर पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक, तामारँ किंवा ब्लॅक रिव्हर भागात राहा. ल मॉर्न आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही तिथून जवळ पडतात.

बस स्वस्त आहेत, आत कंडक्टर तिकीट देतो, सुटे पैसे ठेवा. पण गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर थांबतात आणि उद्यानाच्या रस्त्यावर तर त्या अगदी मोजक्या. ल पूससाठी बसने जाणं जमतं. ब्लॅक रिव्हर पीकसाठी मी बसचा नाद सोडायला सांगेन. गाडी भाड्याने घ्या, वाहनं डाव्या बाजूनेच चालतात. किंवा टॅक्सी ठरवा, आणि ठरवताना थांबण्याच्या वेळेसकट आकडा पक्का करा, आधी.

पैशांत एक बारीक गोंधळ होतो. तिथलं चलनही रुपयाच, पण मॉरिशसचा रुपया आपल्यापेक्षा महाग आहे. आकडा ऐकून 'अरे, एवढंच?' म्हणू नका. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, पण डोंगराच्या पायथ्याशी त्याचा भरवसा धरू नका, रोख जवळ असू द्या.

५. सॅकमध्ये काय हवं

- खोल खाचांचा तळवा असलेले बूट. ही एकच वस्तू मी कधीच सोडणार नाही. गुळगुळीत तळव्याचे धावण्याचे बूट इथे निरुपयोगी आहेत.
- माणशी किमान २ लिटर पाणी, उन्हाळ्यात ३. वाटेत भरून घ्यायला जागा नाही असं धरूनच चला.
- हेडटॉर्च. फोनचा टॉर्च म्हणजे टॉर्च नव्हे.
- पातळ पावसाळी जाकीट, टोपी, सनस्क्रीन.
- पूर्ण लांबीची पँट. पेरूच्या झाडीत उघड्या पायांवर चरे पडतात.
- बोटं झाकणारे हातमोजे, दोरांच्या टप्प्यांसाठी. साधे बागकामाचेही चालतात.
- ऑफलाइन नकाशा, मुक्कामावरच उतरवून घेतलेला.
- मीठ-साखरेची पाकिटं, पट्ट्या, ॲलर्जी असेल तर तिची औषधं.
- कोरडे मोजे आणि एक पिशवी, चिखलाचे बूट परत आणायला.

६. पहिला दिवस: ल पूस

पूस म्हणजे अंगठा. पोर्ट लुईसच्या मागे मोका रांगेत आभाळाकडे दाखवलेला हा अंगठा शहरातून सतत दिसत राहतो. १८३६ च्या मे महिन्यात चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरून इथे आला होता तेव्हा तोही या डोंगरावर चढला होता.

वाटा दोन आहेत. पोर्ट लुईसच्या बाजूची लांब आणि खडी, मोका-सेंट पियरच्या बाजूची सोपी. पहिल्या वेळी मोकाची घ्या. सुरुवात उसाच्या शेतांमधून होते. जूनपासून वर्षअखेरीपर्यंत तोडणीचे दिवस असतात, मळ्यातल्या रस्त्यांवर लादलेल्या गाड्या भरधाव येतात, तेव्हा कडेने चाला. ऊस संपला की झाडी लागते, वाट वर वर जात एका सपाटीवर येते. इथे दम खा. पुढे अंगठ्याचा शेवटचा टप्पा उभा आहे, काही ठिकाणी हात लावावे लागतात, पण पकडी भक्कम आहेत. मोकाकडून साधारण तास-सव्वा तासात माथा येतो.

माथा अरुंद आहे. एका बाजूला पीटर बोथचं डोकं, उत्तरेला ऊस आणि त्यापलीकडे समुद्रातली छोटी बेटं, आणि थेट खाली पोर्ट लुईसचं बंदर. १८३४ पासून याच बंदरात हिंदुस्थानातून करारावर मजूर यायला लागले. जवळपास पाच लाख माणसं आली, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. जिथे ती उतरली तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. उतरल्यावर दुपार मोकळी असते, तेव्हा तिथे जाऊन या. उसातून चालत जाऊन त्या पायऱ्यांसमोर उभं राहिलं की दोन्ही जागा एकमेकींना जोडल्या जातात.

सेंट पियरच्या बसथांब्यावर मला एक आजी भेटल्या. आम्हा दोघांचं बोलणं ऐकून त्यांनी हळूच विचारलं, मराठी का? त्यांच्या आजोबांचे वडील रत्नागिरीकडून आलेले. आजींचं मराठी जपून जपून येत होतं, मधे क्रिओल या तिथल्या बोलीचे शब्द मिसळत. त्यांनी मला दिलेला सल्ला मी पुढे देते आहे: रात्री पाऊस पडला असेल तर सकाळी डोंगर सोडून द्या, एक दिवस वाळू द्या. दोन शब्दही शिकवले. 'लापली' म्हणजे पाऊस, 'ग्लिसे' म्हणजे घसरडं. वरून येणाऱ्या माणसाच्या तोंडी यातला दुसरा शब्द ऐकू आला तर दोनदा विचार करा.

७. दुसरा दिवस: ल मॉर्न

नैऋत्य टोकावर समुद्रात घुसलेला हा एकटा डोंगर २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्याचं कारण निसर्ग नाही. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कड्यांमध्ये लपून राहत. मॉरिशसमध्ये गुलामी १ फेब्रुवारी १८३५ ला संपली. लोक असं सांगतात, की सुटकेची बातमी घेऊन शिपाई डोंगराकडे आले, वरच्यांना वाटलं आपल्याला पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. पायथ्याशी गुलाममार्गाचं स्मारक आहे. चढण्यापूर्वी तिथे दहा मिनिटं थांबा. १ फेब्रुवारीला तिथे आजही लोक जमतात.

आता वाट. फाटकावर वहीत नाव लिहायचं, उतरल्यावर परत कळवायचं. फाटक सकाळी उघडतं आणि दुपार कलली की वर सोडत नाहीत. वेळा आदल्या दिवशी मुक्कामावर विचारून घ्या, आणि उघडताक्षणी आत शिरा. ही वाट पश्चिमेकडे आहे म्हणून सकाळी सावली मिळते. दहानंतर निघालेली माणसं मला खाली येताना भेटली, त्यांचे चेहरे लालबुंद झालेले होते.

पहिला अर्धा भाग रुंद कच्चा रस्ता आहे. चढ हळूहळू, वाटेत खाडीचं दर्शन. मुलांना आणि वयस्करांना इथपर्यंत आणता येतं. एका ठिकाणी पाटी लागते, तिच्यापुढे खरा चढ सुरू होतो. कातळ, मुळं, मधे दोर. पुढे जायचं की नाही हे ठरवण्याची जागा ती पाटी आहे, पुढचा कातळटप्पा नव्हे. टप्प्याच्या मध्यावर अडकलेली माणसं स्वतःला आणि मागच्या रांगेला धोक्यात घालतात.

दोरांबद्दल नीट सांगते. दोर तोल सावरण्यासाठी धरायचा, अंगाचा सगळा भार त्यावर टाकायचा नाही. ऊन-पावसात तो किती वर्षं लटकतोय हे आपल्याला माहीत नसतं. वजन पायांवर, छाती कातळाजवळ, एका वेळी एकच हात हलवायचा. उतरताना तोंड कातळाकडे करून उतरा. दोरावर एका वेळी एकच माणूस, वरच्याने मोकळं झाल्याचं सांगेपर्यंत खालच्याने हात लावायचा नाही.

वाट एका क्रॉसपाशी संपते. खरा माथा त्याहून वर आहे, तिथे जायची परवानगी नाही. पण क्रॉसपासून जे दिसतं त्याला तोड नाही. खाली उथळ पाण्याच्या हिरव्या-निळ्या पायऱ्या, मग प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी दोरी, आणि तिच्यापलीकडे एकदम गडद निळा महासागर. लाटांचा आवाज इतक्या उंचीवर येतो, पण उशिरा. लाट फुटलेली दिसते, मग क्षणभराने ऐकू येते.

एक मोठा गैरसमज इथे दूर करते. फोटोंत दिसणारा 'समुद्राखालचा धबधबा' ल मॉर्नच्या वाटेवरून दिसत नाही. तो वाळू आणि गाळ वाहून जाताना होणारा दृष्टिभ्रम आहे आणि आकाशातूनच तसा भासतो. तो शोधण्यासाठी कड्याच्या कडेला वाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

आणि एक फूल शोधा. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, त्रोकेशिया बूतोनियाना, रानात फक्त या एका डोंगरावर उगवतं. लाल, खाली झुकलेलं, डुलासारखं. तिथे त्याला 'बूक्ल दोरेय' म्हणजे कानातलंच म्हणतात. दिसलं तर फोटो काढा, हात लावू नका. पूर्ण जगात याच्या हक्काची जागा एवढीच आहे.

जाऊन-येऊन साडेतीन ते चार तास धरा.

८. तिसरा दिवस: ब्लॅक रिव्हर पीक

मी चुकले ते इथे.

शामारेल ते प्लेन शांपान्य रस्त्यावर, दरीच्या व्ह्यूपॉइंटजवळून ही वाट सुटते. जाऊन-येऊन आठ-नऊ किलोमीटर, सुरुवात जवळजवळ सपाट. आम्ही जुलैमध्ये दुपारी अडीचला निघालो. सोंडेवरून रमतगमत चालत राहिलो, फोटो काढले. पण ही सोंड सरळ चढत नाही, चढ-उतार करत जाते, म्हणजे परतीच्या वाटेवरही चढ आहेतच. शेवटचा टप्पा खडा, लाल चिकणमातीचा, दोर लावलेला. माथ्यावर पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते.

जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मावळल्यावर उजेड रेंगाळत नाही. आणि पेरूच्या दाट झाडीत तर सव्वापाचलाच अंधारलं. हा पेरू म्हणजे छोट्या लाल फळांचा 'चिनी पेरू', मूळचा ब्राझीलकडचा, इथे येऊन त्याने रान गिळलं आहे. हाताच्या मनगटाएवढी गुळगुळीत खोडं, इतकी जवळजवळ की खांदा तिरका करून जावं लागतं. मूळ उघडं, त्यावर ओली माती, पाय ठेवला की साबणासारखा निसटतो. हंगामात स्थानिक लोक फळं तोडायला येतात आणि त्यांच्या पायवाटा मुख्य वाटेला सगळीकडून फुटतात. दिवसा त्या ओळखू येतात. अंधारात दोनदा आम्ही अशा वाटेवर शिरलो आणि झाडीच्या भिंतीपाशी थांबलो. एका फोनची बॅटरी संपली, दुसऱ्याच्या उजेडात तिघं एकमेकांची सॅक धरून चाललो. रस्त्यावर आलो तेव्हा सात वाजले होते आणि दिराचा घोटा सुजला होता. त्याहून वाईट काही झालं नाही हे नशीब.

म्हणून माझे नियम:

- सकाळी आठच्या आत चालायला सुरुवात.
- सूर्यास्ताच्या तीन तास आधी जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी.
- फाट्यावर शंका आली तर रुंद आणि जास्त तुडवलेली वाट धरायची. पन्नास पावलांत झाडी अंगावर यायला लागली तर फाट्यावर परत.
- जाताना प्रत्येक मोठ्या फाट्यावर मागे वळून फोटो काढायचा. परतताना वाट तशीच दिसणार असते.

दुसऱ्या वेळी हेच सगळं पाळून गेले. साडेदहाला माथ्यावर होते, ल मॉर्नपासून तामारँपर्यंतचा पूर्ण पश्चिम किनारा खाली पसरलेला, आणि परतताना झाडीत थांबून पक्षी ऐकायला वेळ होता.

हे उद्यान १९९४ मध्ये झालं, आणि त्याचं मोल तिथल्या पक्ष्यांवरून कळतं. मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त ४ उरलेला ठाऊक होता. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो परत आणला. गुलाबी कबूतर आणि हिरवा एको पोपटही असेच काठावरून परतलेले आहेत. म्हणून उद्यानात स्पीकरवर गाणी लावू नका, चूल पेटवू नका, खाऊ टाकू नका.

शिखर नको आणि रान पाहायचं असेल तर ल पेत्रँ केंद्रापासून मकाबे रानातली वाट घ्या. ती पुढे दरीत उतरून दुसऱ्या टोकाच्या ब्लॅक रिव्हर केंद्रावर निघते. उतार तीव्र आहे, गुडघे बोलतात. आणि गाडी एका टोकाला, आपण दुसऱ्या टोकाला अशी गत होते, तेव्हा टॅक्सीला खालच्या टोकाला बोलावून ठेवा. ल पेत्रँपासून गंगा तलाव जवळ आहे, तिथलं १०८ फुटी मंगल महादेवाचं शिल्प रस्त्यावरूनच दिसतं. महाशिवरात्रीच्या दिवसांत मात्र लाखो भाविक चालत येतात, रस्ते भरलेले असतात. त्या आठवड्यात या भागातला ट्रेक ठेवू नका.

९. वाटेतले प्राणी

वाघ-बिबट्या नाहीत, विषारी सापांची धास्ती नाही. खरा त्रास पिवळ्या गांधीलमाशीचा. स्थानिक नाव 'मूश जोन'. फांदीच्या खाली, कधी कमरेच्या उंचीवर पोळं असतं. पुढचा माणूस फांदी हलवून जातो आणि डंख मागच्याला बसतो. आधारासाठी झाड धरण्यापूर्वी पानांखाली बघा. पोळं दिसलं तर आवाज न करता, हात न झटकता मागे सरका आणि मागच्यांना सांगा.

माकडं व्ह्यूपॉइंटवर खाऊ हिसकावतात. भरवू नका, पिशवी बंद ठेवा.

१०. अडचण आली तर

निघताना मुक्कामावर कुणाला तरी डोंगराचं नाव आणि परतायची वेळ लिहून द्या. एकट्याने जाऊ नका. निदान पहिल्या वेळी तरी नको. तिथलं सिमकार्ड घ्या, विमानतळावर मिळतं. माथ्यावर आणि सोंडेवर बहुधा रेंज असते, दरीत जाते.

आपत्कालीन क्रमांक: पोलीस ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिका ११४, अग्निशमन ११५. वाट चुकलात आणि अंधार झाला, तर चालत राहू नका. उघड्या जागी थांबा, अंगावर जाकीट घाला, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश फोनवरून कळवा. ओढ्याच्या कडेने खाली उतरून किनारा गाठू, असा विचार तर अजिबात नको. या बेटावरचे ओढे कड्यावरून कोसळतात.

मार्गदर्शक घ्यायचा असेल तर नोंदणीकृत आहे का विचारा, गटात किती माणसं असतील ते विचारा, पावसात रद्द झालं तर पैसे परत मिळतात का ते विचारा. एकदा आम्हाला सहा जणांचा गट सांगून अठरा जणांत घातलं होतं, आणि दोरापाशी पाऊण तास उभं राहावं लागलं.

११. उतरल्यावर

बूट तिथेच स्वच्छ करा, काडीने खाचांतला चिखल काढून. त्या चिखलात पेरूच्या बिया असतात आणि पुढच्या डोंगरावर त्या आपणच नेऊन पेरतो. ल मॉर्नहून उतरलात तर सार्वजनिक किनारा पायथ्याशीच आहे. पोहायचं ते प्रवाळाच्या भिंतीच्या आत आणि खिंडारांपासून लांब, कारण तिथून पाणी ओढ घेऊन बाहेर जातं. थकलेले पाय त्या ओढीशी झुंजू शकत नाहीत, तेव्हा आधी बसा, पाणी प्या, काहीतरी खा. पाण्यात मग उतरा.